पहिली कचोरी

‘समजलं का?’ असं मुकुंदभियांनी कुणाला कधी विचारलं नाही. ते विचारायचे, ‘कुठं अटकलं?’ त्यांचं म्हणणं असं, की समजलं का विचारलं की माणूस लाजेकाजेस्तव मान हलवतो आणि विषय तिथंच मिटतो. कुठं अटकलं विचारलं, की त्याला निदान शोधावं तरी लागतं. हल्ली माझ्या नव्या नोकरीतला साहेब प्रत्येक मीटिंगच्या शेवटी ‘सगळ्यांना क्लिअर आहे ना?’ म्हणतो, आम्ही सगळे माना डोलावतो, आणि मला दर वेळी तो बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला माणूस आठवतो.

मुकुंद शिलेदार, तिकडच्या बोलीत मुकुंदभिया म्हणजे मुकुंदभैया, आमच्या कंपनीत टेस्टर होते. इतरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही होळकरांच्या जुन्या राजधानीत, तुकोगंजातल्या एका इमारतीत बसून बनवायचो. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली. त्या सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहायची. मदतपुस्तिका कुणी वाचत नाही, त्यामुळे माझ्या चुकाही कुणाला सापडत नसत. याचा मला पुढे फायदाच झाला.

मुकुंदभियांनी पन्नाशी ओलांडली होती. बाहेर मे महिन्याची लू वाहत असली तरी एसीपायी त्यांच्या अंगात तो मातकट स्वेटर असायचाच. खिशात जुन्या धोतराचा एक फडका. फळा पुसायला कंपनीने दिलेलं डस्टर त्यांना पसंत नव्हतं. ते म्हणायचे, ‘हे पुसत नाही, फैलावतं.’ त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि वर म्हणाले, ‘ते घोड्यावर बसले, मी खुर्चीवर बसून राहिलो. पाठ दोघांची दुखली.’

त्यांच्या मराठीने माझे सातारी कान आधी टवकारले होते. ‘वैशालीजी, तुम्ही टेंशन नका घेऊ, अपन बघून घेऊ न,’ असलं मराठी मी आधी ऐकलं नव्हतं. शहाणपणा करून एकदा सुधारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, ‘खिचडी आहे, मान्य. पण पोट भरतं न?’ त्यानंतर मी तोंड आवरलं.

आमची खरी ओळख बुधवारची. बुधवारी जेवणानंतर आम्ही काही जण एका लहान खोलीत जमायचो आणि एकमेकांना शिकवायचो. कंपनीचा त्यात हात नव्हता, उलट एसी बंद पडलेली म्हणून कुणालाच नको असलेली खोली आम्हाला मिळाली होती. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवावं, असे गट बऱ्याच कंपन्यांत असतात. आमच्या गटाची रीत मात्र निराळी होती, आणि ती मुकुंदभियांची होती. आमच्याकडे ज्याला येतं तो शिकवायचा नाही. जो चुकला तो शिकवायचा.

सुरुवातीला मुकुंदभिया हातातलं घड्याळ काढून टेबलावर उपडं ठेवायचे आणि म्हणायचे, ‘हां भिया, आज की गलती?’ मग कुणीतरी आपली त्या आठवड्यातली चूक सांगायची. काय झालं, कसं झालं, लपवावंसं का वाटलं, सगळं. मागच्या गल्लीतून गरम कचोऱ्या मागवलेल्या असायच्या. ज्याने सगळ्यात मोठी चूक सांगितली त्याला पहिली कचोरी. तोवर बाकीच्यांनी पुडक्याला हात लावायचा नाही. आणि पुढच्या बुधवारी त्याच माणसाने फळ्यापाशी उभं राहून शिकवायचं, की अशी चूक पुन्हा कुणाच्या हातून होऊ नये म्हणून काय करायचं.

मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी आधी मुकुंदभियांनीच आपली चूक सांगितली. तपासायला दिलेला एक भाग न तपासता त्यांनी ‘तपासला’ म्हणून पाठवला होता, कारण त्या दिवशी त्यांना लवकर घरी जायचं होतं. आजारपण नाही, अडचण नाही, नुसता कंटाळा. मी गार पडले. आमच्याकडे लहानपणापासून शिकवण एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथं हा एवढा वयाचा माणूस सगळ्यांसमोर मूठ उघडून दाखवत होता आणि पोरंसोरं टाळ्या वाजवत होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘मुकुंदभिया, हे साहेबाच्या कानावर गेलं तर?’

‘जाऊ द्या न. चूक आणि खोकला, दोन्ही दाबले की वाढतात,’ ते म्हणाले.

या वेडाच्या मागे एक गोष्ट होती, ती त्यांनीच मला नंतर सांगितली. पूर्वी त्यांच्या हाताखाली एक फार हुशार इंजिनिअर होता. त्याच्या हातून गडबड झाली आणि काही औषधांची मुदत संपण्याची तारीख पुढची दिसायला लागली. त्याला ते कळलं. पण सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला आणि गुपचूप दुरुस्त करायच्या संधीची वाट बघत राहिला. तोवर मुदत संपलेलं औषध दुकानांत जात होतं. एका व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या मुनीमाने बाटलीवरची तारीख वाचली म्हणून निभावलं. ‘पोरगा वाईट नव्हता,’ मुकुंदभिया म्हणाले. ‘मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिलो होतो रोज. मला सांगायची त्याला भीती वाटली. मग मी कशाचा सीनियर?’

तेव्हापासून बुधवार सुरू झाला. त्या खोलीत त्यांचं एकच वचन असायचं. नवीन माणूस आला की ते त्याला म्हणायचे, ‘यहाँ की बात यहीं रहेगी. मेरी ज़बान है.’ आणि खरोखर, कितीतरी दिवस तिथली गोष्ट बाहेर गेली नाही. खाल्लेल्या मिठाला लोक जागतात की नाही मला ठाऊक नाही, पण कचोरीला जागत होते.

पूनम मालवीय त्या खोलीत आली तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, म्हणजे पळून जायला बरं. ती सपोर्टला होती. व्यापाऱ्यांचे फोन घ्यायची, त्यांची बोलणी खायची. देवासकडच्या गावातून शिकून आलेली, घरात नोकरी करणारी ती एकटी. बरेच बुधवार तिने तोंड उघडलं नाही. मुकुंदभियांनी तिला कधी टोकलं नाही. कचोऱ्यांचं पुडकं फिरत तिच्यापर्यंत आलं की नुसतं म्हणायचे, ‘पूनमजी, चटनी लेना.’

एका बुधवारी ‘आज की गलती?’ झालं आणि ती उभी राहिली. बसूनही सांगता आलं असतं, पण ती शाळेतल्यासारखी उभी राहिली. सरावासाठीची नक्कल समजून तिने एका व्यापाऱ्याच्या खऱ्या हिशेबात काहीतरी करून बघितलं होतं, आणि त्याच्या गोदामातला एका कंपनीचा सगळा माल पडद्यावर शून्य झाला होता. पुढचे कित्येक तास तिने एकेक नोंद हाताने परत भरली. कुणाला कळलं नाही. त्या गोष्टीलाही आता बरेच महिने झाले होते.

‘तब से रोज़ लगता है सर, आज पकड़ी जाऊँगी,’ ती म्हणाली.

मुकुंदभिया उठले, पुडक्यातली सगळ्यात वरची कचोरी कागदावर ठेवून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. पूनम रडत रडत ती खायला लागली. मग टाळ्या झाल्या. पुढच्या बुधवारी तिने शिकवलं. तिची सूचना अगदी साधी होती: खऱ्या हिशेबाच्या पडद्याला लाल पट्टी असावी आणि सरावाच्या पडद्याला हिरवी, म्हणजे घाईतही गफलत होणार नाही. मोठमोठ्या इंजिनिअरांनी माना डोलावल्या आणि ती पट्टी खरंच आली. वर्ष सरायच्या आत मुकुंदभियांनी साहेबांच्या मागे लागून तिला आपल्या हाताखाली टेस्टर करून घेतलं. पूनम दाराजवळची खुर्ची सोडून फळ्याजवळ बसायला लागली.

चांगल्या गोष्टीला नजर लागते म्हणतात. आमच्या बुधवारला डायरेक्टरसाहेबांची लागली.

ते एकदा येऊन बसले, कचोरी खाल्ली, खूप हसले आणि जाताना म्हणाले, की हे तर सगळ्या कंपनीने शिकण्यासारखं आहे. आठवडाभरात आम्हाला एसी चालणारी मोठी खोली मिळाली. भिंतीवर कॅमेरा आला. भोपाळच्या शाखेतल्या लोकांनाही हे बघता यावं म्हणून प्रत्येक बुधवार ध्वनिचित्रित होणार होता.

मुकुंदभियांनी पहिल्या दिवशी त्या कॅमेऱ्यावर आपला फडका टाकला आणि तसेच डायरेक्टरांकडे गेले. मी एका पुस्तिकेवर सही घ्यायला त्यांच्या केबिनमध्येच बसले होते.

‘सर, एक बात थी. लोग यहाँ अपनी गलतियाँ बताते हैं. ये कहीं और तो नहीं जाएगा?’

‘मुकुंदजी, आप भी! ये सिर्फ लर्निंग के लिए है. मेरा वर्ड है.’

परत येताना जिन्यात मी म्हटलं, ‘फडका राहू द्या ना त्याच्यावर.’

ते थांबले. ‘भोपाळला पण कुणी पूनम असेल न, वैशालीजी. दाराजवळ बसलेली,’ ते म्हणाले. त्यांनी जाऊन फडका काढला आणि सगळ्यांना सांगितलं, की साहेबांशी बोलणं झालंय, इथली गोष्ट इथंच राहील, माझी ज़बान आहे. त्यांच्या शब्दावर लोक बोलत राहिले. पूनमनेही भोपाळच्या लोकांसाठी आपली ती जुनी चूक कॅमेऱ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चारदोन बुधवारांत कुणाच्या लक्षातही येईनासा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. माणसं कमी करायची ठरली. कुणाला काढायचं हे ठरवताना साहेबांना चेहरे नको होते, पुरावा हवा होता. आणि पुरावा आयता भिंतीवर टांगलेला होता. सगळ्या बुधवारांचं बोलणं एका सॉफ्टवेअरला ऐकवलं गेलं आणि त्याला विचारलं गेलं, की गंभीर चुका कुणी केल्या? त्या यंत्राचा काय दोष? त्याने खरं बोलणाऱ्यांची नावं काढून दिली. जे बुधवारी कधी आलेच नाहीत, किंवा आले आणि नुसत्या कचोऱ्या हादडून गेले, ते सगळे धुतल्या तांदळासारखे निघाले. माझ्या चुका कुणी वाचल्याच नव्हत्या, मीही वाचले.

एकेकाला आत बोलावण्यात आलं. पूनमला एचआरच्या मॅडमनी तिचंच वाक्य वाचून दाखवलं, ‘रोज़ लगता है, आज पकड़ी जाऊँगी.’ मग म्हणाल्या, ‘देखिए, ये तो आपने खुद माना है.’

मुकुंदभियांचं नाव त्यात नव्हतं. ते तडक मॅडमकडे गेले. त्यांचा आवाज चढलेला मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. काचेच्या भिंतीतून अख्ख्या मजल्याने ऐकला. ‘सबसे ज़्यादा गलतियाँ तो मेरी हैं! हर बुधवार की हैं! मेरा नाम क्यों नहीं है?’

मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि समजावलं, की त्यांच्या चुका शिकवण्याचा भाग म्हणून धरल्या आहेत, त्यामुळे त्या मोजल्या नाहीत. उलट त्यांना आता दोन्ही शाखांच्या बुधवारांचं प्रमुख करायचं ठरलं आहे.

ते बाहेर आले तेव्हा पूनम पिशवीत आपला कप आणि गणपतीची छोटी मूर्ती भरत होती. मुकुंदभिया तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ही आता यांना बोलेल. बोलायलाच हवं होतं. निदान मी असते तर सोडलं नसतं.

पूनम म्हणाली, ‘सर, आप मन छोटा मत करो. गलती तो मेरी थी ना. मैंने ही बताई थी.’

तिने वाकून त्यांना नमस्कार केला आणि ती जिना उतरून गेली. मुकुंदभिया खिशातला फडका काढून तिचं रिकामं टेबल पुसत राहिले. टेबल स्वच्छच होतं. मला त्या दिवशी कंपनीचा जेवढा राग आला, तेवढाच त्या पोरीच्या चांगुलपणाचाही आला. तिने एक शिवी हासडली असती तर हा माणूस कदाचित वाचला असता.

त्यानंतरचा बुधवार त्यांनी घेतला. आता हजेरी सक्तीची होती, त्यामुळे खोली भरलेली होती. कचोऱ्या आल्या होत्या, तिखट-आंबट वास सगळीकडे सुटला होता. मुकुंदभियांनी घड्याळ काढून उपडं ठेवलं.

‘हां भिया, आज की गलती?’

जो तो टेबलाकडे बघत होता. शेवटी मागून एक जण चाचरत म्हणाला, ‘सर, इस हफ़्ते कोई गलती नहीं हुई.’ त्याच्या शेजारचा म्हणाला, ‘मेरी भी नहीं.’ मग एकामागून एक सगळेच तसं म्हणाले. त्या आठवड्यात आमच्या कंपनीत कुणाचंही काहीही चुकलं नव्हतं.

मुकुंदभियांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ते फळ्यापासून निघून कॅमेऱ्याच्या बरोबर समोर येऊन उभे राहिले.

‘तो मेरी सुन लो,’ ते म्हणाले. ‘किसी और की ज़बान पर मैंने तुम लोगों को अपनी ज़बान दी. लपवावंसं का वाटलं ते पण सांगतो. मला वाटलं होतं, साहेब माझं ऐकतात. मला बरं वाटलं होतं त्याचं.’ शेवटचं ते मराठीत बोलले. त्या खोलीत ते कळणारी फक्त मी होते.

रिवाजाप्रमाणे आता कुणीतरी उठून त्यांच्यापुढे पहिली कचोरी धरायला हवी होती. कुणी उठलं नाही. मी उठले, पुडक्यापर्यंत गेले, तेवढ्यात त्यांनी मान हलवून मला नको म्हटलं. ‘या गलतीला नाही मिळत, वैशालीजी. हिच्यापायी दुसऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.’ घड्याळ मनगटावर बांधून ते निघून गेले. राजीनाम्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. कचोऱ्या तशाच राहिल्या, संध्याकाळी सफाईवाल्या बाईंनी नेल्या.

नंतर राजेंद्र नगरातल्या त्यांच्या घरी मी दोनदा गेले. त्यांच्या पत्नीने, सुलभाकाकूंनी चहा दिला. ते आत झोपले होते, निदान काकूंनी तसं सांगितलं. दुसऱ्या खेपेला काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘बोलत नाही आहेत ते काही. माझ्या हातून दूध उतू गेलं तरी म्हणतात, जाऊ दे, कुणाला सांगू नको.’

पूनमचा मात्र एकदा फोन आला. तिला काम मिळालं होतं. मुलाखतीत विचारलं म्हणे, तुमची आजवरची सगळ्यात मोठी चूक कोणती? ‘मैंने बोल दिया मैम, ऐसी कोई नहीं है. वो लोग बहुत खुश हुए.’ ती हसली. मुकुंद सरांना सांगाल का, असंही म्हणाली. मी हो म्हटलं, पण हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

मीही ती कंपनी सोडली. गेल्या हिवाळ्यात दाराच्या कडीसाठी सियागंजात गेले होते. हातगाड्या, हमाल, पोती यांतून वाट काढत एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले, तर गल्ल्यामागे तोच मातकट स्वेटर. दुकान त्यांच्या मेहुण्याचं. मुकुंदभिया वाळले होते. ‘या वैशालीजी, बसा न,’ म्हणाले आणि स्टूल पुढे केलं. मी काय करते, कुठे राहते, साताऱ्याला सगळे बरे आहेत ना, एवढं विचारून झालं. कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. गल्ल्यावर वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं, नुकतंच आलेलं. कागदाला तेल सुटलं होतं.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडचा ठेकेदार इतक्या मोठ्याने ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं. दारांच्या बिजागऱ्या चुकीच्या मापाच्या गेल्या होत्या आणि त्याचे सुतार हात बांधून बसले होते. कुणी बांधला माल, त्याचं नाव सांगा, असं तो विचारत होता. मागे खोकी रचणारा एक पोक्त नोकर हातातलं काम टाकून पुढे आला. चेहरा उतरला होता त्याचा. ‘बाबूजी, वो मैंने ही...’

मुकुंदभियांनी झटकन त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला गप्प केलं. फोनमध्ये म्हणाले, ‘पता नहीं भिया, किसने बाँधा. इधर तो बहुत लोग हैं. दूसरा माल भेज रहा हूँ.’ दुकानात कामाला ते दोघंच होते.

फोन ठेवून ते त्या माणसाकडे वळले. ‘कबूल नहीं करने का, रामलाल,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘किसी के सामने नहीं. मेरे सामने भी नहीं.’ बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

रामलाल मान खाली घालून उभा होता. मुकुंदभियांनी पुडक्याची दोरी सोडली, सगळ्यात वरची कचोरी उचलून कागदाच्या तुकड्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. मी पाहुणी होते, पण मला आधी विचारलं नाही. रामलाल गोंधळून एकदा कचोरीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ती घेतली आणि मागे जाऊन खोक्यावर बसून खाल्ली.